पल्याडची खबर

ओसरीवर नवा माणूस आला की आधी घसा खाकरतो. तिथं फोटो लागत नाही, गाव लपवता येतं, नाव हवं ते घेता येतं. पण घसा न खाकरता आत आलेला माणूस मी आजवर ऐकलेला नाही. मग तो सांगू लागतो. मी कुठला, आमच्या घरी मत कुणाला जायचं, माझं मत कधी बदललं, कुणामुळं बदललं.

ओसरी ही इंटरनेटवरची बसायची जागा. मागच्या काही निवडणुकांत घराघरांत अबोला धरला गेला, जेवणाच्या पंगती वेगळ्या झाल्या, त्यानंतर काही शहाण्या लोकांनी ती उभी केली. तिथं लिहायचं नसतं, बोलायचं असतं. म्हणून तर मी गेले. अक्षरं मला उशिरा आली, मच्छीमार सोसायटीच्या कामात पडल्यावर, केस पिकू लागल्यावर. आता वाचते, पण ओळीखाली बोट ठेवावं लागतं. ऐकायला बोट लागत नाही.

ओसरीचा एकच रिवाज. नवा माणूस बोलून झाला की त्याच्या मतापासून सगळ्यांत लांब असलेला जुना सदस्य मशीन शोधून काढतं. त्या सदस्यानं नव्याची गोष्ट स्वतःच्या तोंडानं परत सांगायची. वाद घालायचा नाही, टोमणा मारायचा नाही. प्रश्न विचारता येतो, पण उत्तर खरोखर माहीत नसलेलाच. नवा म्हणाला, ‘हो, असंच’, की तो आत आला. ‘नाही’ म्हणाला तर पुन्हा सांगायचं. याला आम्ही परतबोल म्हणतो.

त्या दिवशी लातूरकडचा एक तरुण आला. कॉलेजात असताना विद्यार्थी संघटनेत घोषणा देत होता, पुढं बियाणांच्या कंपनीत लागला, आणि आता त्याचं मत असं की सरकारनं सगळं विकून टाकावं, रस्ते, शाळा, तलावसुद्धा. मशीननं त्याच्यासमोर मला बसवलं. मी खैरपारच्या तलावावरची ढिवरीण, मासे धरणाऱ्यांच्या घरची, उभा जन्म तलावासाठी मोर्चे काढलेली. त्याची गोष्ट मी सांगितली. संघटनेच्या कार्यालयात त्याला वर्षभर फक्त सतरंज्या उचलायला लावलं होतं, तेही सांगितलं.

“आजी,” तो म्हणाला, “तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगितलं. आता मला पटलं.”

“म्हणजे आधी पटलं नव्हतं का रे?”

सगळी ओसरी हसली. तो म्हणाला, “हो, असंच,” आणि आत आला.

परतबोल झाला की पडद्यावर धागे दिसतात. ही सोय नवी होती. माणसाच्या आवाजातून निघून हे धागे इतर आवाजांकडं जातात. तुझ्या बोलण्यात कोण कोण बोलतंय, ते दाखवतात. लातूरच्या पोराचा एक धागा त्याच्या कंपनीतल्या साहेबाकडं गेला, दुसरा ज्या पुढाऱ्यानं सतरंज्या उचलायला लावल्या त्याच्याकडं. “हा माणूस अजून माझ्यात आहे?” पोरानं विचारलं.

मग मी माझे धागे पाहिले. एक आमच्या ढिवरांच्या संघटनेच्या पुढाऱ्याकडं, भाऊंकडं, एक मला अक्षरं शिकवणाऱ्या बाईंकडं. हे मला ठाऊक होतं. पण सगळ्यांत जाड धागा कुणाकडंच जात नव्हता. तो एका कोऱ्या गोलापाशी संपत होता. गोलात नाव नाही, आवाज नाही, काही नाही.

ही सोय बनवणाऱ्या मृण्मयी तेलमासरे नागपूरच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनीच दोन दिवसांनी फोन केला.

“सायत्राबाई, तुमच्या गोलाबद्दल बोलायचं होतं. कोरे गोल खूप जणांना असतात, पण असा आम्ही पाहिला नव्हता.”

“मशीन बिघडलं असेल.”

“आम्हालाही तसंच वाटलं होतं.”

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. माणूस ज्याला जीव लावून ऐकतो, त्याच्या बोलण्याची चाल आपल्या बोलण्यात उतरते. कुठं थांबायचं, कुठला शब्द लांबवायचा, वाक्य वर नेऊन सोडायचं की खाली टेकवायचं. शब्द विसरतात, मतं पालटतात, पण चाल राहते. तलावाचा गाळ उपसताना कापलेल्या कडेवर जसे वर्षावर्षांचे थर दिसतात, तसे बोलण्यातही थर असतात. आपल्या कानाला ते एकत्र ऐकू येतात. लाखो तासांचं बोलणं ऐकून शिकलेलं मशीन ते सुटे करतं. एखादा थर ओळखीच्या आवाजाशी जुळला की धागा लागतो. जुळलाच नाही, तर तो माणूस ओसरीवर नाही, आणि त्याचा आवाज कुठं साठवलेलाही नाही.

“पण हा थर तुमच्या एकटीत नाही,” तेलमासरे मॅडम म्हणाल्या. “पुण्यातल्या एका निवृत्त कारकुनात आहे. रायपूरच्या एका ट्रकवाल्यात आहे. गोंदियाच्या एका नगरसेविकेत आहे. त्या तुमच्या अगदी विरुद्ध पक्षाच्या. असे बरेच लोक आहेत. सगळ्यांचा धागा त्याच गोलात जातो. एकाचं मत दुसऱ्याशी जुळत नाही, पण लहानपणी सगळे तुमच्या तलावाच्या आसपास राहत होते.”

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“त्यांच्यात सारखं काय हाय?” मी विचारलं.

“थांबणं. विरुद्ध बाजूच्या माणसाबद्दल बोलायची वेळ आली की तुम्ही सगळे आधी वाक्य वर नेता, आणि मग थांबता. श्वास घ्यायला लागतो त्याहून जास्त थांबता. जणू काही कुणी उत्तर देणार आहे.”

“मॅडम,” मी म्हणाले, “ती माझी माय हाय.”

माझी माय पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी राहायची. आमच्याकडं तलावात मोठं जाळं ओढतात. जाळ्याचं एक टोक पूर्वेच्या काठावर, दुसरं पश्चिमेच्या. दोन्हीकडं माणसं दोर ओढत येतात. मधे कमळाची पानं, गवत, पाण्यावरची उन्हाची तिरीप, त्यामुळं एका टोकाला दुसरं टोक दिसत नाही. एका बाजूनं जोर जास्त झाला की जाळं तिरपं होतं आणि सैल बाजूनं सगळे मासे निघून जातात. म्हणून पाळीच्या मधोमध हाक देणारा उभा करतात. दुसऱ्या गावांत तिथं पुरुष असायचा. खैरपारला माय होती, कारण तिचा आवाज पाण्यावरून दोन्हीकडं पोचायचा.

आणि माय कधी ‘ओढा’ म्हणायची नाही. ती या टोकाला त्या टोकाची खबर द्यायची. ‘पल्याडचे दमले रे, हळू घ्या.’ मग थांबायची. टोकावरून उत्तर यायचं, ‘घेतलं.’ उत्तर आल्याशिवाय ती दुसरीकडं वळायची नाही. मी पूर्वेच्या टोकावर असायची, धाकटा भाऊ मनिराम पश्चिमेच्या. तलावावर मासे घ्यायला, कमळं तोडायला, पोहायला आलेली गावोगावची पोरं पाळीखाली बसून ऐकत राहायची.

माय गेली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि मनिरामला मिसरूडही फुटलं नव्हतं. टेपरेकॉर्डर आमच्या गावानं पाहिलेला नव्हता. तिचा चेहरा मला आठवतो, हाताच्या शिरा आठवतात, ओल्या लुगड्याचा वास आठवतो. आवाज आठवत नाही. कधी गेला, तेही कळलं नाही. एकदा नातीला हाक मारून दाखवायला गेले आणि तोंडातून माझाच आवाज निघाला.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं.

“सायत्राबाई,” त्या मग म्हणाल्या, “तलावात दगड पडला. तुम्ही तो पाहिला नाही. पण लाटा चारही काठांना लागल्या. काठावर पुरेसे लोक उभे असतील आणि प्रत्येकानं आपल्याकडची लाट सांगितली, तर दगड कुठं पडला, केवढा होता, हे काढता येतं. तुमच्या आईचा आवाज आम्ही काढू शकू. तिची चाल या ऐकणाऱ्यांकडून मिळेल. पण आवाजाचा पोत चालीत नसतो. तो घशाच्या, तोंडाच्या, नाकाच्या पोकळीतून येतो. ती घडण मुलांत उतरते. एकट्या तुमच्यावरून आईचं किती आणि वडिलांचं किती, हे सांगता येत नाही. दुसरं मूल असेल, तर दोघांना जुळवून पुष्कळ जवळ जाता येईल. तुम्हाला भाऊ आहे म्हणालात.”

“हाय,” मी म्हणाले. “तलावाच्या पल्याड.”

मनिराम आणि मी बोलत नव्हतो, तलावावर तरंगते सोलर पॅनेल आले त्या वर्षापासून. मी त्याविरुद्ध उपोषणाला बसले होते. तो पॅनेल बसवणाऱ्यांत होता. त्याआधीही कितीतरी वर्षं तो त्या पक्षाचा आणि मी या संघटनेची. पण तोवर निदान दिवाळीला ओवाळणी होत होती. आता अर्धा तलाव काळ्या काचांनी झाकलेला आहे. त्यांची देखरेख मनिरामच करतो. करायचा. कारण गावात कळलं होतं की त्याच्या घशात गाठ निघाली आहे. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला होता. नागपूरचे डॉक्टर स्वरयंत्र काढणार होते. सोमवारी.

मी पाळीवरून चालत गेले. भावजय इंदू अंगणात तांदूळ निवडत होती.

“अगं बाई! नणंदबाई! वाट चुकल्या का काय?”

“चुकली नाही. पाळीवरून सरळ आली.”

“पाळ हाय का अजून? तुमचे मोर्चेवाले म्हणत होते, सरकारनं विकली.”

मनिराम खाटेवर बसला होता. गळ्याला मफलर. मला पाहून त्यानं मान वळवली, मग परत फिरवली. आवाज पार बसला होता, फाटक्या चाळणीतून कोंडा पडावा तसा.

“मोर्चा आणला का संगं?”

“एकटीच हाय.”

“मंग घोषणा कोण देणार?”

“तू दे. तुले सवय हाय दुसऱ्याच्या घोषणा द्याची.”

इंदू म्हणाली, “झालं सुरू. मी चहा ठेवतो. भांडून झालं की हाक मारा.”

मी त्याला सगळं सांगितलं. कोरा गोल, पुण्याचा कारकून, रायपूरचा ट्रकवाला, त्याच्याच पक्षाची नगरसेविका. मायचं थांबणं. मनिराम ऐकत होता. मधेच त्याचा हात दोर धरल्यासारखा मिटला, तो त्याच्याही ध्यानात आला आणि त्यानं तो मांडीखाली घेतला.

“मायचा आवाज,” तो म्हणाला. “तुले आठवते?”

“नाही. तुले?”

“नाही.”

इतक्या वर्षांत एका गोष्टीवर आमचं जमलं होतं.

मग तो म्हणाला, “माझा आवाज मी देत नाही. तुमचं मशीन. आज माय म्हणून घ्याल, उद्या माझ्याच तोंडून पॅनेल हटाव म्हणाल. सोमवारनंतर ‘नाही’ म्हणाले माझ्याजवळ आवाजही राहत नाही.”

ही भीती खोटी नव्हती. असे उद्योग करणारे लोक जगात आहेत. मी म्हणाले, “ओसरीवर आवाज ज्याचा त्याच्याच कुलपात राहते. तू पुसा म्हटलं तर पुसून टाकते.”

“तुमच्या लोकायचं कुलूप.”

इंदू चहा घेऊन आली. दारातूनच ऐकत होती. “द्या ना जी,” ती म्हणाली. “सोमवारी डॉक्टर तसाही काढूनच घेणार हाय. त्याले फुकट देऊन राहिले, मायले द्याले काय होते? आणि मी तर म्हणतो बरं हाय, नंतर मले उलटून बोलणार नाही.” एवढं म्हणून ती आत गेली, आणि भांडी जरा जास्तच वाजली.

मनिराम दाराकडं पाहत राहिला. “पण मले तुमच्या ओसरीवर आपली गोठ सांगा लागन?”

“साऱ्यांले लागते.”

“आणि ते परत कोण सांगन?”

“मशीन ठरवते. तुझ्यापासून जो सगळ्यांत लांब असन तो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओसरीवर आला. वायरमन असं नाव घेतलं होतं. मी पाळीवर होते, कारण फोनला तिथंच रेंज चांगली मिळते. पश्चिमेच्या काठावर पॅनेलची शेड आहे, तिच्या सावलीत मला तो दिसतही होता, एवढा एवढासा. त्यानं घसा खाकरला. त्याला ते दुखलं असणार.

“मी ढिवराच्या घरचा,” त्यानं सुरुवात केली. “बाप जाळ्यावर, माय पाळीवर. ठेकेदारानं तलाव लिलावात घेतला तेव्हा बहीण संघटनेत गेली. मीही गेलो. झेंडे बांधले, भाकरी खाल्ल्या, तहसीलसमोर बसलो. तलाव आमच्या सोसायटीले भेटला. मंग एका उन्हाळ्यात दुसऱ्या पक्षाचे लोक गावात आले. त्यायनं मले विचारलं. मी गेलो. तालुक्याले आयटीआय झाला, तिथं शिकलो, वायरमन झालो. तलावावर पॅनेल आले तेव्हा मीच बसवले. बस. एवढीच गोठ.”

पडद्यावर मशीननं सगळ्यांत लांबचा सदस्य शोधला. माझं नाव आलं.

मनिराम हसला. हसणं कसलं, खोकलाच तो. “साऱ्या महाराष्ट्रात माझ्यापासून सगळ्यांत लांब तूच निघाली का, बाई?”

ओसरीवर सगळ्यांना कळलं की हे बहीणभाऊ आहेत.

आजवर मी कितीतरी जणांचे परतबोल केले होते. विकून टाका म्हणणाऱ्यांचे, हाकलून द्या म्हणणाऱ्यांचे. यात काय अवघड, असं मला वाटलं. मी सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “मग त्या पक्षाचे लोक आले, त्यांनी मला नोकरी दाखवली. सोसायटीत हातात काही पडत नव्हतं, म्हणून मी गेलो.”

“नाही,” मनिराम म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी म्हणाले की संघटनेत बहिणीचंच नाव व्हायचं, माझं होत नव्हतं, म्हणून गेलो.

“नाही.”

आणखी एकदा सांगितलं. आता मला राग आला होता, त्यामुळं टोमणा आपोआप गेला. मशीननं घंटी वाजवली. ओसरीवरची एक जण हळूच म्हणाली, “सायत्राबाई, दुसरं कुणी करेल. तुम्हाला जड जातंय.”

दुसऱ्यानं केलं असतं तरी मनिराम आत आला असता. त्याचा आवाज मशीनला मिळाला असता. मायचा आवाजही मिळाला असता. पण मी पाळीवर उभी होते. डावीकडं माझा काठ, उजवीकडं त्याचा. मधोमध. ही जागा मायची, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आणि मी तिथं उभी राहून काय करत होते? पल्याडची खबर मला ठाऊकच नव्हती. मी आपल्याच टोकाची खबर त्याच्या नावानं सांगत होते.

“थांबा,” मी म्हणाले. “मले एक विचारायचं हाय. मनिराम, त्या उन्हाळ्यात त्यायनं तुले काय विचारलं होतं?”

उत्तर मला खरोखर माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

काठावरची ती एवढीशी आकृती उठून उभी राहिली.

“त्यायनं विचारलं, तुले काय व्हायचं हाय,” तो म्हणाला. “तोवर कोणी विचारलं नव्हतं. तुमी म्हणत होते, तलाव ढिवराचा. बरोबर हाय. मीही तेच ओरडलो. पण ढिवर तलावाचा, हे मले मंजूर नव्हतं. मले पाण्याची भीती वाटे, बाई. लहानपणापासून. मले तारा आवडत. ट्रान्झिस्टर खोलून पाहाले आवडे. आपल्या सभेत हे कुठं सांगणार होतो मी? सारे हसले असते.”

आम्ही हसलो असतो. मीच पहिली.

मी बोलू लागले. घाई केली नाही.

“मी ढिवराच्या घरचा. बाप जाळ्यावर, माय पाळीवर. मी पश्चिमेच्या टोकावर दोर ओढत होतो, पण पाण्याची मला भीती वाटायची आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. बहिणीसोबत मोर्चात गेलो. तलाव मिळाला याचा मला आनंदच झाला. पण तलाव मिळाल्यावर साऱ्यांनी धरून चाललं की आता मी जन्मभर जाळंच ओढणार. एका उन्हाळ्यात परक्या माणसांनी विचारलं, तुला काय व्हायचंय. ज्यांनी विचारलं त्यांच्यासोबत मी गेलो. मला मासे सोडायचे होते. माझ्या माणसांना मी सोडलं नव्हतं.”

शेवटचं वाक्य त्यानं सांगितलेलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं होतं, आणि रिवाजाप्रमाणं ते चूक ठरू शकत होतं. मी वाट पाहत राहिले. पॅनेलवरून एक बगळा उडाला.

“व्हय,” मनिराम म्हणाला. “असंच.”

तेलमासरे मॅडमचा फोन शनिवारी आला. त्यांचा स्वर बदललेला होता. देवळातून बाहेर आल्यावर माणूस जसं हळू बोलतो, तसं त्या बोलत होत्या.

“तुमच्या भावाचा आवाज बसला असला तरी चाललं. तोंडाची, घशाची पोकळी तीच असते. तुम्हा दोघांना जुळवलं आणि ऐकणाऱ्यांचे थर एकावर एक ठेवले. सायत्राबाई, आम्ही इथं सगळे काम सोडून बसलोय. कुणीच न साठवलेला आवाज आहे हा. इतकी वर्षं तो इतक्या माणसांत तुकड्या-तुकड्यांनी राहिला, आणि त्यांतल्या कुणालाही ते माहीत नव्हतं. लक्षात ठेवा, ही तुमची आई नाही. आमचा अंदाज आहे, पण फार जवळचा. शब्द तुम्ही सांगितलेले, हाकेचे.”

“बरं.”

“एक उणीव राहिली आहे. दोन हाकांच्या मधे जागा रिकामी पडते. कुणाच्याच थरात तिथं काही सापडलं नाही. हवं तर मशीन अंदाजानं भरेल.”

“राहू द्या,” मी म्हणाले. “ती तशीच राहू द्या.”

रविवारी ऊन उतरायला लागल्यावर सोसायटीचा भोंगा पाळीच्या मधोमध ठेवला. गावातली माणसं पाळीखाली जमली, दोन्ही पक्षांची. पुण्याचे कारकून, रायपूरचा ट्रकवाला, गोंदियाच्या नगरसेविका आणि ज्यांचे ज्यांचे धागे त्या गोलात जात होते ते सगळे ओसरीवर आले. लातूरचा पोरगाही होता. त्याचा धागा नव्हता, पण तो म्हणाला, मला ऐकू द्या.

मी पूर्वेच्या काठावर माझ्या जुन्या जागी उभी राहिले. मनिराम पश्चिमेच्या काठावर, शेडच्या पुढं. शेजारी इंदू. डॉक्टरांनी त्याला ओरडायला सक्त मनाई केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरची गाडी होती. मधे काळ्या काचा, आणि त्यांच्यापलीकडं उरलेलं पाणी.

भोंग्यात थोडी खरखर झाली. मग ती बोलली.

“पल्याडचे दमले रे… हळू घ्या.”

मला वाटलं होतं, मला रडू येईल. तसं काही झालं नाही. पायांना चिखल जाणवला. तळहाताला दोर जाणवला. किती उंच, किती मोकळा आवाज होता तो, आणि किती साधा. कसा विसरले होते मी? पाणी शहारलं, असं मला वाटलं. वारा नव्हता. पाळीखालची म्हातारी माणसं उठून उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

ती हाक पश्चिमेच्या टोकाला होती. त्यानंतर ती रिकामी जागा आली. मशीनला जिथं काही सापडलं नव्हतं ती.

“घेतलंऽऽ!”

पल्याडून. फाटलेला, सोलवटलेला आवाज, पण सगळं पाणी ओलांडून आला. पाठोपाठ माझ्या हातातल्या फोनमधून रायपूर, पुणे, गोंदिया, एकदमच. जन्मात एकमेकांना मत न देणारी माणसं, एका दमात. घेतलं. ते तोंडातून गेल्यावर नगरसेविकाबाईंचं हसू ऐकू आलं, आणि मग हुंदका.

आवाजानं उत्तर ऐकून घेतल्यासारखं केलं. मग तो माझ्याकडं वळला.

“पल्याडचे दमले गा… हळू घ्या.”

मी पल्याड पाहिलं. मनिराम काठावरच्या दगडावर खाली बसला होता. एक हात गळ्यावर. इंदू वाकून त्याला पाणी पाजत होती.

खबर खरी होती.

“घेतलं, माय,” मी म्हणाले.